वाचकांचे प्रश्न: जुनी जीप किती जुनी, किती अस्सल?

युद्धकाळातल्या आणि त्यानंतरच्या दहा वर्षांतल्या फोर-बाय-फोर गाड्यांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक विलीज आणि फोर्ड जीपबद्दलचे आहेत, एक लँड रोव्हरबद्दलचा. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपचं नाव एमबी, फोर्डच्या जीपचं जीपीडब्ल्यू, आणि विलीजच्या नंतरच्या नागरी जीपचं सीजे. ‘डावी-उजवी’ म्हणजे गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरची डावी-उजवी.

प्रश्न: विकणारा म्हणतो ही १९४२ ची विलीज एमबी. डॅशबोर्डवरच्या पाटीवर १९४२ आहे आणि पुढच्या जाळीला नऊ फटी आहेत. एवढा पुरावा पुरे का?

नाही. पाटी आणि जाळी या जीपमधल्या सगळ्यात सहज बदलता येणाऱ्या दोन गोष्टी. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर बसणाऱ्या पाट्या नव्याने छापलेल्या विकत मिळतात आणि त्यांच्यावर हवा तो नंबर, हवी ती डिलिव्हरीची तारीख ठोकता येते. नऊ फटींची जाळी ही युद्धकाळातली खरी खूण आहे (नंतरच्या नागरी सीजे गाड्यांना सात फटी असतात), पण ती चार बोल्टांचं काम. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा: जे बदलायला सगळ्यात जास्त मेहनत लागते ते आधी बघायचं, आणि ते म्हणजे चेसिस, गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा.

बंपरच्या मागे वाकून टॉर्चच्या उजेडात चेसिसच्या दोन्ही लांब रेल जोडणारा पहिला आडवा दांडा बघा. तो गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची. उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याचा असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यूची. दोन्ही कंपन्यांनी एकाच आराखड्यावर गाड्या बनवल्या, सुटे भाग एकमेकांना बसतात, पण हा दांडा रिव्हेटने चेसिसमध्येच गुंतलेला असल्याने तो सहसा कोणी बदलत नाही.

मग नंबर शोधा. विलीजचा नंबर छोट्या पाटीवर असतो आणि ती पाटी डाव्या रेलच्या आतल्या अंगाला, बंपरच्या लगेच मागे रिव्हेट केलेली असते. फोर्डने पाटी लावलीच नाही. नंबर डाव्या रेलच्या माथ्यावर, इंजिन माउंटच्या (इंजिन जिथे टेकतं त्या आधाराच्या) आसपास थेट ठोकला, आधी ‘जीपीडब्ल्यू’ अक्षरं आणि दोन्ही टोकांना एकेक चांदणी. गोल नळीच्या चेसिसवर जीपीडब्ल्यूचा ठोका दिसला, किंवा यू दांड्याच्या चेसिसवर एमबीची पाटी दिसली, तर पुढे काही तपासण्याआधी विकणाऱ्याला त्याचं कारण विचारा.

एमबीचे नंबर १००००१ पासून सुरू होतात. नोव्हेंबर १९४१ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९४२ चे नंबर साधारण १०८५९९ पासून, १९४३ चे २०००२३ पासून, १९४४ चे २९३२३३ पासून, १९४५ चे ४०२३३५ पासून, आणि शेवट ४५९८५१ च्या सुमारास. वर्षाच्या सीमेजवळच्या नंबरांवर फार ताणू नका. चेसिसवर नंबर पडला तो दिवस आणि लष्कराने गाडी ताब्यात घेतली तो दिवस एकच नसतो.

आता नंबर आणि गाडीचा चेहरा जुळतो का ते पाहा. पहिल्या सुमारे २५,८०० एमबींना पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. दाबून काढलेली नऊ फटींची जाळी ही मूळची फोर्डची कल्पना, ती विलीजने नंतर घेतली. त्यामुळे १२५८०० च्या पुढच्या नंबरावर पट्ट्यांची जाळी दिसली तर ती जाळी बाहेरून आलेली आहे. उलट नंबर १९४१ च्या अखेरचा, जाळी दाबलेली आणि डॅशमध्ये ग्लोव्ह बॉक्स असेल, तर पुढचा भाग आणि बॉडी दोन्ही नंतरचे. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना ग्लोव्ह बॉक्स नव्हता. मागच्या पॅनलवर डाव्या बाजूला उठावाचं ‘विलीज’ किंवा ‘फोर्ड’ हे नावही फक्त सुरुवातीच्या बॉडींवर असतं. १९४२ च्या मध्यानंतर सरकारने कंपनीची नावं काढायला लावली. नव्या बनवलेल्या बॉडींवर हे नाव हौसेने उठवलेलं असतं, म्हणून १९४४ च्या चेसिसवर नावाची बॉडी म्हणजे सरळसरळ दुसरी बॉडी.

एक धोका इथेच सांगायला हवा. एमबीची पाटी चेसिसच्या ज्या पुढच्या टोकावर असते तेच टोक अपघातात वाकतं, गंजतं आणि कापून नवं जोडलं जातं. पाटी अस्सल, पण ती ज्या दीड-दोन फूट लोखंडावर आहे तेवढंच अस्सल, असंही होतं. बंपर आणि इंजिन माउंट यांच्या मधल्या रेलवर, आतून आणि खालून, आडवा वेल्ड किंवा ग्राइंडरने सपाट केलेली पट्टी आहे का ते बोटांनी चाचपा. आणि पाटीचे रिव्हेट बघा. मधोमध भोक असलेला पॉप रिव्हेट दिसला की पाटी कारखान्यात बसवलेली नाही.

प्रश्न: चेसिसवर रंगाचे आणि ग्रीसचे थर आहेत. नंबर खराब न करता वाचायचा कसा? आणि तो नंतर ठोकलेला आहे हे कसं ओळखायचं?

ग्राइंडर, तारेचा चाकाचा ब्रश आणि सँडब्लास्टिंग यांना त्या जागेपासून दूर ठेवा. ठोक्याची खोली फार नसते. गंजलेल्या रेलवर दोन मिनिटं ग्राइंडर फिरला तर अंकांच्या कडा जातात आणि मग खऱ्या नंबरावरही संशय येतो.

आधी प्लास्टिकच्या पट्टीने ग्रीस खरवडा, रॉकेलने पुसून घ्या. मग साधारण सहा इंच लांबीच्या पट्ट्यावर पेंट रिमूव्हर जाडसर लावा, वरून प्लास्टिकचा कागद झाका म्हणजे तो वाळत नाही, आणि वीसेक मिनिटांनी पितळी तारेच्या हातब्रशने रेलच्या लांबीच्या दिशेने घासा. थर जाड असतील तर हेच पुन्हा करा, जोर वाढवू नका. उरलेल्या गंजावर गंज विरघळवणारं सौम्य द्रावण कापसाने लावून ठेवलं तर तो सुटतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

वाचताना टॉर्च समोरून मारू नका. पत्र्याला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका उजेड टाका, मग विरुद्ध बाजूने, आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या. एका फोटोत न दिसणारा अंक दुसऱ्यात सावलीमुळे उमटतो. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासून ठसा घेतला तर तो कागदपत्रांसोबत ठेवायलाही उपयोगी पडतो.

नंतरचा ठोका ओळखायला अंकांपेक्षा अंकांच्या भोवतीचा पत्रा बघा. आजूबाजूची रेल खड्डेदार आणि नंबराची जागा मात्र गुळगुळीत किंवा किंचित खोलगट असेल, तर तिथे काहीतरी घासलं गेलं आहे. समांतर बारीक ओरखडे ही फाइल किंवा ग्राइंडरची खूण. जागा बाकी रेलपेक्षा फुगीर असेल तर जुना नंबर वेल्डने भरून वर नवा ठोकला असण्याची शक्यता. अंकांची वळणंही पाहा: कारखान्याचे अंक ठोकायचे पंच ठरलेल्या घडणीचे होते, त्यामुळे त्याच काळातल्या खात्रीच्या चेसिसच्या ठशाशी ३, ४, ७ आणि ९ हे अंक ताडून बघा. अंक थोडे वरखाली किंवा कमी-जास्त खोल असणं मात्र वाईट लक्षण नाही. हाताने ठोकलेला नंबर तसाच असतो. उलट अगदी सरळ रेषेत, सारख्या खोलीचे, धारदार कडांचे अंक ऐंशी वर्षांच्या रेलवर दिसले तर जास्त विचार करावा.

घासून काढलेला नंबरही काही वेळा परत वाचता येतो. पंच मारताना अंकाखालचं लोखंड दाबलं जातं, त्याची रचना पृष्ठभागाच्या खालपर्यंत बदलते, आणि कॉपर क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाने तो भाग आजूबाजूपेक्षा वेगळ्या वेगाने खाल्ला जातो. हे काम न्यायवैद्यक तज्ज्ञांचं आहे. घरी करून पाहिलं तर जागा काळी पडेल आणि नंतर खऱ्या तज्ज्ञाला वाचायला काही उरणार नाही. आणि पुसट झालेला नंबर ‘परत उठवून’ घेण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. हेतू कितीही साफ असो, चेसिस नंबरावर पंच मारणं म्हणजे कायद्याच्या नजरेत आणि पुढच्या खरेदीदाराच्या नजरेत छेडछाडच.

प्रश्न: चेसिस विलीजची, इंजिन मात्र जीपीडब्ल्यू. फसवणूक म्हणायची का?

नाही. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं उतरवून, दुरुस्त करून, रांगेतल्या पुढच्या गाडीत बसवली जात. कोणत्या कंपनीचं इंजिन कुठे गेलं याची फिकीर कोणी केली नाही. दोन्हीकडे तेच चार सिलिंडरचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन: १३४ घन इंच, म्हणजे २.२ लिटर, ६० अश्वशक्ती.

विलीजमध्ये इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर कारखान्यातूनच वेगवेगळा निघायचा, त्यामुळे ‘मॅचिंग नंबर’ असलेली एमबी कोणी दाखवली तर खूश होण्याऐवजी पाटी पुन्हा तपासा. फोर्डमध्ये मात्र इंजिनाचाच नंबर चेसिसवर ठोकला जाई. जीपीडब्ल्यूचे दोन्ही नंबर आजही जुळत असतील तर ती खरोखर दुर्मीळ गोष्ट. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट उंचवट्यावर असतो.

इंजिन युद्धकाळातलं की नंतरच्या नागरी गाडीचं, हे टायमिंगचं झाकण उघडल्यावर कळतं. युद्धकाळातल्या इंजिनात टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) असते, नंतर सीजे-२ए च्या उत्पादनादरम्यान चेन जाऊन गिअर आले. चेनमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरमध्ये उलट. म्हणून दोन्हींचे ऑइल पंप वेगळे आहेत आणि एकाचा दुसऱ्यात चालत नाही. इंजिनाचं काम नुकतंच झालं असेल आणि तेलाचा दाब मिळत नसेल तर बेअरिंगला दोष देण्याआधी पंप कोणता बसवलाय ते बघा.

प्रश्न: नागरी सीजे-२ए ला हिरवा रंग मारून लष्करी जीप म्हणून विकतात असं ऐकलं. कसं ओळखायचं?

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे. सीजे-२ए १९४५ ते १९४९ मध्ये बनली, नंबर १०००१ पासून सुरू, आणि ती एमबीच्याच साच्यातून निघाल्याने लांबून फरक कळत नाही. जाळी आणि दिवे बदलले की अर्धं काम होतं. पण बॉडीत काही गोष्टी लपवणं कठीण जातं.

मागचा पॅनल बघा. एमबीला मागे दार नाही. पॅनल सलग आहे आणि स्टेपनी त्याच पॅनलवर. सीजे-२ए ला मागे खाली पडणारं दार आहे आणि स्टेपनी उजव्या कुशीवर. दार वेल्ड करून बंद केलेलं असेल तर बाहेरून पुट्टीने झाकता येतं, आतून दोन उभे सांधे राहतातच. पत्र्यावर लहान लोहचुंबक कागदाचा तुकडा मध्ये धरून फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे पुट्टी जाड आहे.

दुसरं, पेट्रोल कुठून भरतात? एमबीत चालकाची सीट उचलून. सीजे-२ए मध्ये डाव्या कुशीला बाहेरून. त्या जागी साधारण वाटीएवढं ठिगळ सापडलं तर उत्तर मिळालं. तिसरं, एमबीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत चाकांच्या कमानींच्या मागे झाकणाची अवजारपेटी असते. सीजे-२ए मध्ये तिथे ती नाही. काच पाहून फसू नका, दोघींच्याही पुढच्या काचेचे दोन भाग आहेत. एकसंध काच सीजे-३ए पासून आली. डाव्या कुशीवरचे कुऱ्हाड-फावड्याचे खोलगट साचेही सुरुवातीच्या सीजे-२ए वर आहेत, त्यामुळे तेही काही सिद्ध करत नाहीत.

नव्याने बनवलेल्या संपूर्ण बॉडीचा प्रश्न वेगळा. अशी बॉडी असणं पाप नाही, कारण मूळ बॉडीच्या जमिनीखालच्या पन्हाळ्यांत लाकडी पट्ट्या भरलेल्या असत, त्या पाणी धरून ठेवत आणि पत्रा आतून खात. फारच थोड्या बॉडी त्यातून वाचल्या. पण मग ती ‘मूळ बॉडी’ म्हणून मोजायची नाही आणि किंमतही त्या हिशेबाने द्यायची नाही. खाली झोपून पन्हाळ्याच्या टोकातून तार घालून पाहा. कुजकं लाकूड सापडलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो अस्सलपणाचा चांगला पुरावा आहे.

प्रश्न: अॅक्सल आणि गिअरबॉक्स न उघडता मूळचे आहेत का हे कळेल?

बरंचसं. मागच्या चाकाच्या मधोमध बघा. एमबी-जीपीडब्ल्यूचा मागचा अॅक्सल फुल-फ्लोटिंग आहे, म्हणजे वजन बाहेरचं आवरण झेलतं आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो: हबवर सहा बोल्टांची गोल फ्लँज दिसते. मधोमध एकच मोठा नट आणि त्याला कॉटर पिन असेल तर तो नंतरच्या नागरी गाडीचा सेमी-फ्लोटिंग अॅक्सल. पहिल्या सीजे-२ए गाड्यांनाही फुल-फ्लोटिंग अॅक्सल होता, म्हणून फ्लँज दिसली की लगेच एमबी म्हणू नका, गुणोत्तर मोजा.

गुणोत्तर म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे होणारे फेरे. एमबीचं गुणोत्तर ४.८८, सीजे-२ए चं ५.३८. पुढच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. गिअर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, कारण या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टलाच धरतो. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. एकाने एक चाक घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्याने दुसरं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. एक चाक थांबलं की डिफरेन्शियलमुळे क्राउन व्हील, म्हणजे अॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक, अर्ध्या वेगाने फिरतं, म्हणून दोन फेरे घ्यायचे. शाफ्टचे पाच फेरे पुरे व्हायला जेमतेम एक अष्टमांश कमी पडला तर ४.८८. पाच होऊन वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त फिरला तर ५.३८.

हीच चाचणी पुढच्या अॅक्सलवर करा, ती फक्त इतिहासासाठी नाही. एका टोकाला ४.८८ आणि दुसऱ्याला ५.३८ अशा जोडलेल्या गाड्या सापडतात. टू-व्हील ड्राइव्हमध्ये त्या सुरळीत चालतात, फोर-व्हील लावून टणक रस्त्यावर शंभर मीटर गेलं की सगळं आवळतं, लिव्हर परत निघत नाही आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो.

गिअरबॉक्स युद्धकाळात टी-८४ मॉडेलचा होता, नंतर जास्त दणकट टी-९० आला. खूप मालकांनी जाणूनबुजून टी-९० बसवला आणि चालवण्याच्या दृष्टीने त्यांचं चुकलं नाही. ट्रान्सफर केस खोलण्याची वेळ आलीच तर आतल्या मधल्या शाफ्टचा व्यास मोजा. पाऊण इंच असेल तर युद्धकाळातला किंवा लगेच नंतरचा, सव्वा इंच असेल तर १९५० च्या दशकातला किंवा पुढचा.

चाकांचे नट काढताना: डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे न कळल्याने कित्येक स्टड तुटले आहेत. डावीकडे सरळ आटे दिसले तर हब किंवा स्टड बदललेले आहेत.

प्रश्न: बोनेटवरचा मूळ लष्करी नंबर रंगाखाली असू शकतो का?

असू शकतो. अमेरिकी लष्कराच्या जीपच्या बोनेटच्या दोन्ही बाजूंना २० ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असे, आधी निळसर करड्या रंगात, नंतर पांढऱ्या. बाजूच्या सपाट भागावर हातभर लांबीत ६०० च्या वॉटर पेपरने भरपूर पाणी घेऊन हलकं घासा, दुसरा रंग दिसताच १००० आणि मग १५०० वर या. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नका. अंकाचा कोपरा दिसला की तिथेच थांबून फोटो घ्या, कारण निळसर थर पातळ असतो आणि चार हात जास्त पडले की जातो. फक्त लक्षात ठेवा, सापडलेला नंबर त्या बोनेटचा आहे. बोनेट बदलणं दहा मिनिटांचं काम.

प्रश्न: १९४९ ची ८० इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लँड रोव्हर सीरीज वन पाहिली. चेसिस गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) आहे, विकणारा म्हणतो ‘सुरुवातीच्या गाड्या अशाच होत्या’.

१९४८ च्या पूर्व-उत्पादन गाड्यांच्या चेसिस गॅल्व्हनाइज्ड होत्या, नेहमीच्या उत्पादनाच्या नाही. म्हणजे ही बदललेली चेसिस आहे. त्यात आश्चर्य काही नाही: मूळ चेसिस चार सपाट पट्ट्या कडांनी वेल्ड करून केलेली पोकळ पेटी होती आणि ती आतून गंजते. पण मग चेसिसच्या डाव्या इंजिन माउंटवर जो नंबर ठोकलेला असायचा तो या चेसिसवर कारखान्याचा असूच शकत नाही. तिथे नंबर असेल तर कोणी आणि कधी ठोकला ते विचारा.

वर्षाची खात्री बाकीच्या भागांवरून करा. १९४९ ला साजेशी गाडी म्हणजे हेडलाइट जाळीच्या मागे, १.६ लिटरचं इंजिन (दोन लिटरचं इंजिन नंतर आलं), आणि चालकाच्या पायाशी ओढायची कडी, कारण सुरुवातीला फोर-व्हील ड्राइव्ह कायमचा होता आणि पुढच्या चाकांना मोकळं फिरू देणारं फ्रीव्हील त्या कडीने लॉक व्हायचं. बॉडीच्या पॅनलला लोहचुंबक चिकटायला नको, ते अॅल्युमिनियमचे आहेत. चिकटलाच पाहिजे तो बल्कहेडला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पोलादी भिंतीला.

ब्रिटनमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेलं प्रमाणपत्र मागवता येतं. त्यात बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग आणि गाडी कुठे पाठवली हे असतं. त्या नंबराची गाडी कारखान्यातून कशी निघाली एवढंच ते सांगतं. समोरची गाडी तीच आहे का, ते रंगाचे खालचे थर आणि इंजिन नंबर त्या कागदाशी ताडून तुम्हालाच ठरवावं लागेल.

प्रश्न: कागदांवर १९४७, चेसिस १९४३ ची. कोणतं वर्ष खरं?

दोन्ही. युद्धानंतर लष्कराने जादा गाड्या विकल्या आणि पहिल्या खरेदीदाराने नोंदणी केली ते वर्ष कागदावर चढलं. नुसत्या वर्षांच्या फरकाने घाबरू नका. कागदावरचा चेसिस नंबर आणि रेलवरचा नंबर अंक न अंक जुळतो का ते बघा. कागदावर इंजिनाचाच नंबर चेसिस नंबर म्हणून लिहिलेला असणं ही जुन्या नोंदींमधली नेहमीची भानगड आहे. ती दुरुस्त करून घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या सहीने.